आधी वजन, मग औषध

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे आणि शेजारणीशी अबोला संपला, या दोन बातम्यांपैकी पहिलीवर माझा विश्वास बसला. आमच्याकडे सगळं ठीक. धाकटीचा पुढचा दात पडला, थोरल्याची परीक्षा जवळ आली, आणि हे नेहमीसारखे डोक्यावरचा चष्मा घरभर शोधताहेत. सासूबाई म्हणतात, आत्यांनी आता तरी फोन घ्यावा. मी त्यांना तुझं उत्तर सांगितलं, की फोनवर भांडता येतं पण भांडण जपून ठेवता येत नाही. त्यांना ते फारच पटलं. आता त्या कोणाला तरी पत्र लिहायच्या बेतात आहेत.

आता खरी गोष्ट. पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आज सकाळी मोठे डॉक्टर माझ्या दवाखान्यात आले. हो, तेच. बाबांना इस्पितळातून हाकलणारे. निवृत्त झाल्यावर लांब राहायला गेले होते, आता लेकीकडे परत आलेत. एका हातात काठी, कडेवर तीन वर्षांचा नातू, तापानं फणफणलेला. माझ्या पाटीवर सासरचं नाव, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. मला मात्र दारातच कळलं. मान तशीच ताठ, आवाज तसाच, समोरचा बहिरा असल्यासारखा.

मी नेहमीप्रमाणे हात धुतले, क्षणभर जोडले आणि मग पोराला हात लावला. बाबांनी लावलेली सवय, तुला माहीतच आहे. आज ते हात जोडताना मी देवाला काय म्हटलं, ते मात्र तुला सांगणार नाही. छाती तपासली. उजवीकडे कफ भरलेला. मग आमचा रोजचा नेम: सिस्टरनं पोराला काट्यावर ठेवलं, वजन मोठ्यानं वाचलं, मी डोस सांगितला, आणि औषध भरण्याआधी तिनं वजन आणि डोस दोन्ही पुन्हा मोठ्यानं म्हटले. बाकावरच्या आयांना हे सगळं तोंडपाठ आहे. आधी वजन, मग औषध, असं त्यांची पोरं भातुकलीतसुद्धा म्हणतात.

मोठे डॉक्टर हसले. म्हणाले, बाई, हा काय शाळेतला पाढा लावलाय? आमच्याकडेही असाच एक कंपाउंडर होता, सारखं वजन, वजन करून डोक्याला ताप द्यायचा. त्याला एकदाच सगळ्यांसमोर झापला, मग बसला गप्प.

आत्या, मी पोराच्या पाठीवरून हात काढला नाही. काढला असता तर कुठे पडला असता, सांगता येत नाही. औषध लिहून दिलं, परवा परत आणा म्हटलं. ते गेल्यावर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुढचं पोर घेतलं.

मला तो माणूस आडवा झालेला बघायचाय. असं लिहिणं पाप असेल तर असो.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठमी

---

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना उभी राहिले. गुडघ्याला कळलंसुद्धा नाही. अगं, आयतं चालून आलंय! एकतीस वर्षं त्या बगळ्याचं नाव घेऊन मी रोज बोटं मोडतेय. बगळाच तो. पांढरा कोट, एका पायावर उभा, डोळे मिटून, आणि चोच मात्र बरोबर माशावर.

तू तेव्हा तेरा वर्षांची. तुला अर्धं माहीत, अर्धं आम्ही झाकलं. आता तू केस पिकायला लागलेली डॉक्टरीण, तेव्हा सगळं ऐक. दोन वर्षांची एक मुलगी वॉर्डात होती, हाडांचा सापळा. वजन अवघं साडेआठ किलो, ते चौकशीत निघालं. बगळ्यानं तिला जे इंजेक्शन लिहिलं, ते दुपटीहून जास्त. शेजारच्या खाटेवर दांडगं पोर होतं, त्याच्या हिशेबानं लिहिलं असणार. दादानं भरलं, नर्सनं टोचलं. सात दिवस, रोज दोन वेळा. मुलगी जगली, पण कान गेले ते गेलेच. चौकशी बसली तेव्हा बगळा म्हणाला, मी बरोबर लिहिलं होतं, कंपाउंडरनं चुकीचं वाचलं. चोर तो चोर वर शिरजोर! दादा मान खाली घालून उभा. आमचा दादा म्हणजे गरीब गाय. एका शब्दानं बोलला नाही. चार वर्षांत झिजून गेला.

आणि आता ही सोबतची चिठ्ठी बघ. बगळ्याच्या हातची, त्याच्या सहीची. दादा गेल्यावर त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात मला सापडली. मी कितीदा म्हटलं असेन त्याला जिवंतपणी, की काहीतरी पुरावा असेल तर दाखव. म्हणायचा, देव बघतो. मग मीच ठेवली जपून. तुला इतकी वर्षं का दिली नाही म्हणशील, तर आधी तू शिकत होतीस, मग संसार होता. आता वेळ आली.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. या वेळी जरा होऊ दे आवाज. त्याला चारचौघांत नाक घासायला लाव. आणि ती मुलगी असेल कुठे तर तिलाही आण. लोकांना दिसू दे.

पोरांना पापे. चष्मा शोधणाऱ्यांना आशीर्वाद. मनात मला धरून असावं.

तुझी,
आत्या

---

१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. मी ती आरशाजवळ लावली आहे, वेणी घालताना रोज दिसते. तारीख, खाटेचा नंबर, औषध, डोस, सही. वजन कुठेच नाही. अक्षर ताठ, अगदी त्यांच्या मानेसारखं.

आता योगायोग ऐक. इस्पितळाचे लोक काल घरी आले होते. मुलांच्या नव्या वॉर्डाला मोठ्या डॉक्टरांचं नाव देताहेत. वीस मार्चला समारंभ. गावातली मुलांची जुनी डॉक्टर म्हणून चार शब्द मी बोलावेत, अशी त्यांची इच्छा. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की त्यांनी दुसऱ्यांदा विचारायची तयारी केली होती ती वाया गेली.

आत्या, मी चार शब्द बोलणार नाहीच. ही चिठ्ठी वाचणार. आधी मुलीचं वजन मोठ्यानं, मग डोस मोठ्यानं. त्या दालनात निम्म्या तरी माझ्या दवाखान्यातल्या आया असतील. त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मग बाबांचं नाव घेणार आणि खाली उतरणार.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू रोज सकाळी प्रार्थना करतेस, तिथे विचारलंस का? मी म्हटलं, विचारलं नाही, सांगितलं. या एका बाबतीत सल्ला देऊ नकोस, एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, देवाला तेवढं समजतं. सासूबाईंची आणि तुझी गाठ पडू देता कामा नये.

नातू बरा होतोय. मी त्याच्या बाबतीत तसूभरही कमी करत नाही, उलट जास्तच बघते. तो मला बघून हसायला लागलाय. परवा त्यानं आजोबांना दटावून सांगितलं, आधी वजन! आजोबा हसले. हसू देत. अजून महिनाभर आहे.

दवाखान्यातल्या आयांकडे चौकशी केली, ती मुलगीही सापडली. बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान आहे तिचं. मी पुढच्या आठवड्यात जाते आणि समारंभात पहिल्या रांगेत बसण्याची विनंती करते.

मायेत कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

---

२० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाब्बास! माझ्या दादाची मुलगी शोभतेस म्हणणार होते, पण दादाला हे जमलं नसतं. माझी भाची शोभतेस.

तीन सूचना. फिकट कपडे घालू नकोस, दुःखी दिसशील. आपल्याला दुःखी दिसायचं नाही. चिठ्ठी वाचताना त्याच्याकडे बघ, कागदाकडे नको. आणि पाणी आधीच पिऊन जा. मध्येच घसा सुकला तर लोकांना वाटेल रडतेस.

मीही येणार. गुडघा गेला खड्ड्यात. शेजारीण म्हणते सोबत येते. तिला वाटतं तुझा सत्कार आहे. वाटू दे.

काळजी घे आणि लिहीत जा.

तुझी,
आत्या

---

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल त्या बाईंकडे जाऊन आले. एक प्रश्न आहे. तो शेवटी लिहिते, आधी घडलं ते सांगते.

दुकान म्हणजे एक खोली. दोन शिलाई मशीन, भिंतीवर कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांचे गठ्ठे, दाराला बांधलेली लाल चिंधी. आत जाणारा माणूस दोरी ओढतो, चिंधी हलते, ती बाईंना दिसते. तेहेतीस वर्षांच्या आहेत. चेहरा हसरा, नजर पक्की. त्या ओठांवरून बोलणं ओळखतात आणि उत्तर वहीत लिहून देतात. मी मुलांची डॉक्टर, एवढंच हळूहळू बोलून सांगितलं. समारंभाचं सांगितलं. पहिल्या रांगेचं सांगितलं. त्यांनी सगळं शेवटपर्यंत बघून घेतलं आणि लिहिलं: मी तिथे काय करायचं? मी म्हटलं, नुसतं बसायचं. त्यांनी लिहिलं: नुसतं बसायला मला वेळ नसतो.

आत्या, मला लाज वाटली. मी त्यांना दाखवायला नेणार होते. दुकानाच्या काचेत कपडा लावतात तसं.

मग त्यांनी चिठ्ठी मागितली. वाचली. आपल्या आयुष्याचा एवढासा कागद. मला वाटलं रडतील. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि वहीत लिहिलं: तीन कडा गिरणीच्या आहेत, चौथी कात्रीची. लहान कात्री, भरतकामाची, पाती बाकदार. दोन घावांत कापलंय, मध्ये हात थांबलाय. खालचा तुकडा कुठे आहे?

मी त्या कागदाकडे दहा-बारा दिवस रोज बघतेय. मला दिसलं नाही. त्यांना अंगठ्यानं दिसलं.

भरतकामाची बाकदार पात्यांची कात्री आपल्या घरात एकीचीच होती. मी लहानपणी तिला हात लावला की तू माझ्या हातावर फटका द्यायचीस.

खालचा तुकडा कुठे आहे, आत्या?

तुझी,
ठमी

---

४ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

चार दिवस तुझ्यावर चिडले. त्या शिवणाऱ्या बाईवर चिडले. शेजारणीशी पुन्हा अबोला धरला. मग आज कपाट उघडलं.

तुकडा या पत्रात आहे. फेकला नव्हता. फेकवलाच नाही.

दादाचं अक्षर तू ओळखशीलच. पेन्सिलीनं लिहिलंय: वजन विचारलं. गप्प बस म्हणाले. बसलो. चौदा वेळा.

एवढंच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही कळलं नाही. मग कळलं. त्याला माहीत होतं ग. पहिल्याच दिवशी माहीत होतं की डोस चुकतोय. एकदा विचारलं, सगळ्यांसमोर अपमान झाला, आणि मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ तो भरत राहिला. म्हणून चौकशीत गप्प. म्हणून देव बघतो, देव बघतो. मला वाटायचं, तो बगळ्याबद्दल म्हणतोय.

मी काय करायला हवं होतं? भाऊ होता माझा. दोन बोटांची पट्टी कापली की तो निर्दोष होत होता. कापली. बगळ्यावरचा राग मला पुरला एकतीस वर्षं. तो राग नसता तर मी दादावर चिडले असते, आणि मेलेल्या माणसावर चिडून जाणार कुठे?

तरीही मी सांगते, समारंभात वरचाच भाग वाच. पट्टी जाळ. बगळा मूळ, दादा फांदी. मुळावर घाव घाल. तुझ्या बापाचं नाव तुझ्या हातात आहे, आणि मला तेवढं एकच हवंय मरायच्या आधी.

चिडू नकोस. चिडलीस तरी लिही.

आत्या

---

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पट्टी जाळली नाही. आधी जाळणार होते. स्वयंपाकघरात उभी राहून काडी पेटवलीसुद्धा. धाकटीनं येऊन विचारलं, आई, काय करतेस? काडी विझवली.

दुसऱ्या दिवशी देवापुढे बसले तर हात जुळेनात. आधी हात धुवायचे, मग जोडायचे, मग पोराला लावायचे, हे मला शिकवलं बाबांनी. मी डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हापासून वजन मोठ्यानं म्हणायला लावलं त्यांनीच. मला वाटायचं शिस्त आहे. ती शिस्त नव्हती. ते माझ्या तोंडून रोज बोलून घेत होते, जे त्यांना त्या आठवड्यात बोलता आलं नाही. मला त्यांचा इतका राग आला, इतका, की मोठ्या डॉक्टरांचा राग त्यापुढे थोडा वेळ लहान झाला. थोडाच वेळ.

परवा ते नातवाला शेवटचं दाखवायला आले. पोर ठणठणीत. नातू आईबरोबर घरी गेला; आजोबांना मी थांबवून घेतलं, आणि बाकी सगळे गेल्यावर त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, पट्टी मागून चिकटवून. त्यांनी चष्मा लावला. सही ओळखली. मग खालचं वाचलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, वजन, वजन करणाऱ्याची मुलगी. ते बसले. मोठी खुर्ची शेजारी होती, तरी पोरांच्या स्टुलावर बसले.

मी म्हटलं, तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. वीस तारखेला हे मी दालनात वाचेन, नाहीतर आत्ता माझ्याबरोबर त्या मुलीकडे चला. ते म्हणाले, मुलगी जिवंत आहे? मी म्हटलं, आहे. ते उठले. खोटं कशाला सांगू, त्यांना काठीसाठी चाचपडताना बघून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बाईंनी पूर्ण कागद वाचला. आधी वरचं, मग खालचं. खालच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं: हा कोण? आत्या, मी पोरांच्या आयांना काय काय सांगितलंय आजवर, पण ते दोन शब्द बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नव्हता. माझे वडील.

त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. मग त्यांनी लिहिलं: ज्यानं त्यानं आपली ओळ वाचावी. मोठ्यानं. मी बघते.

मोठ्या डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली, पण मान छातीला टेकलेली. बाईंनी मशीनवर हात आपटला आणि खूण केली: चेहरा वर. त्यांनी पहिल्यापासून वाचलं. औषध. डोस. मग थांबले आणि विचारलं, वजन किती होतं? चिठ्ठीवर नाहीच ना ते. मी सांगितलं, साडेआठ किलो. बाईंनी ते माझ्या ओठांवर बघितलं आणि त्यांच्याकडे वळल्या. साडेआठ म्हणायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मी मदत केली नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे दिला.

मी बाबांची ओळ वाचली. वजन विचारलं. गप्प बस म्हणाले. इथपर्यंत आवाज बरा होता. मग बसलो म्हटलं. मग चौदा वेळा म्हटलं. बाईंनी पुन्हा खूण केली, शेवटचं नीट दिसलं नाही. मी पुन्हा म्हटलं, चौदा वेळा.

कोणी कोणाला माफ बिफ केलं नाही. बाईंनी कागदाची घडी घालून आपल्या वहीत ठेवली. मी मागितला नाही. दारातली चिंधी हलली, एक गिऱ्हाईक बाही लांब झाल्याची तक्रार घेऊन आलं, आणि आम्ही दोघं बाहेर पडलो. मोठ्या डॉक्टरांनी इस्पितळाला कळवलंय, की वॉर्डाला नाव नको. कारण लिहिलंय की नाही, ठाऊक नाही. पाटी तयार होती. आता ती कोठीत उभी आहे.

मी सूड घ्यायला गेले होते. त्या माणसाच्याच मागे रांगेत उभी राहून आले. तू चिडशील. पण बाबांचं नाव माझ्या हातात नव्हतं ग. ते त्यांच्या कागदावर होतं, त्यांच्याच अक्षरात. आपणच कापलं होतं.

आज सकाळी हात जुळले.

माझ्यावरचा हात काढू नकोस.

तुझी,
ठमी

---

१८ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिडले. एक अख्खा दिवस चिडले. तुझं पत्र चुरगळून टोपलीत टाकलं, मग संध्याकाळी काढून इस्त्री केली. तुझ्या वडिलांवरही चिडले, इतक्या वर्षांनी, घरात एकटीच, मोठ्यानं. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, बरं वाटलं का? म्हटलं, वाटलं. अबोला सुटला.

समारंभ नाही, पण तिकीट काढलेलंच आहे. परत करत नाही, तारीख तेवढी पुढे ढकलली. मी पुढच्या बुधवारी येते. आल्यावर मला त्या शिवणाऱ्या बाईंकडे ने. आधी विचारून ठेव, चालेल का. बगळ्याची ओळ झाली, दादाची झाली. त्या कागदावर माझीही एक आहे, कडेला. लिहिलेली नाही, कात्रीनं कापलेली. माझी मीच वाचली पाहिजे.

बोळक्या तोंडाचे शब्द त्यांना कळायचे नाहीत. कवळी लावून येईन.

तुझी,
आत्या